जास्तीची किंमत

"दोन हजार?" व्हर्ना टॉलफसनने कॉफीचा मग काउंटरवर ठेवला. "दोन हजार डॉलर कोण देतंय तुला?"

"डेलबर्टकाका," रोवेना म्हणाली. "म्हणूनच आलेय. खरी किंमत सांग. दया म्हणून जास्त देत असतील तर मला नकोत ते पैसे."

काउंटरवर जुनी लिव्हरची रायफल पडली होती. या खोऱ्यात निम्म्या घरांत असते तशीच. चापाखालचं लोखंडी कडं खाली ओढून वर मारलं की गोळी नळीत जाते. शेजारी खोगिराला टांगायचं चामड्याचं लांब म्यान होतं, काळं पडलेलं, टाके उसवलेलं.

रोवेनाचा बाप अ‍ॅन्सल पेटिबोन हरणांच्या शिकारीच्या हंगामात मेला. याच रायफलीच्या गोळीने, वरच्या कुरणाच्या काटेरी तारेपाशी. भरलेली बंदूक हातात घेऊन कुंपण चढायला गेला, पाय अडकला, गोळी सुटली. शेरीफने तसंच लिहून घेतलं आणि गावाने तसंच मानलं.

मरण एक वेळ पचतं, पण ही लाज पचत नव्हती. तीस वर्षं हाच अ‍ॅन्सल शाळेच्या तळघरात पोरांना बंदूक हाताळायचे धडे देत आला होता. कुंपण ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करा, हा त्याचा पहिला धडा. आता म्हातारा गावभर चेष्टेचा विषय झाला होता. लोक समोर हळहळायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, गुरुजी स्वतःच नापास झाले.

व्हर्नाच्या दुकानाच्या काचेवरसुद्धा जाहिरात लागली होती: 'कुंपण ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करा. अ‍ॅन्सलला विसरू नका.' ती छापून आणली होती डेलबर्ट स्टॅगरने. शेजारचा रँचवाला, अ‍ॅन्सलचा चाळीस वर्षांचा दोस्त. धड्यांचा वर्गही आता तोच घेत होता.

व्हर्नाने चष्मा चढवला. नवऱ्यामागे हे बंदुकांचं दुकान तिने एकटीने चालवलं होतं. जुनी बंदूक घेऊन येणारा प्रत्येकजण आजोबांच्या गोष्टी सांगतो. व्हर्ना गोष्टी ऐकून घ्यायची आणि किंमत लोखंडाला विचारायची.

तिने लिव्हर उघडली, नळीत दिवा टाकून पाहिलं, स्क्रूंची डोकी तपासली. मग रायफल खिडकीशी नेऊन हळूहळू फिरवली.

"नळी बरी आहे. दस्ता मूळचा, त्याच्या मागच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी तेवढी नवी. लोखंडाला चढवलेली निळाई दोन्ही बाजूंना चांगली टिकलीय. फक्त खाली, मधोमध पांढरी झालीय. सहाशे डॉलर. ओळखीतला असेल तर साडेसहाशे. त्यावर एक डॉलर मागितलास तर ती लूट."

रोवेनाचा चेहरा पडला. "म्हणजे काका भीकच घालतायत."

व्हर्नाला ते पटेना. डेलबर्ट आणि भीक? या माणसाने तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीच्या जेवणात, हातात हॅमचं सँडविच धरून, त्याच्या शॉटगनचा भाव चाळीस डॉलरनी पाडला होता. जुन्या रायफली त्याच्याइतक्या राज्यात कुणाला कळत नव्हत्या. कळत असूनही तो तिप्पट देतो म्हणतो?

"त्याला सांगितलंस, माझ्याकडे दाखवायला येणार म्हणून?"

"नाही. उलट तेच म्हणाले, कुणाला दाखवत बसू नकोस, तुला त्रास होईल."

"फार कळवळा आला," व्हर्ना पुटपुटली आणि तिने रायफल म्यानात सरकवून पाहिली. जाताना आतून कर्रर्र आवाज झाला. तिने रायफल काढून म्यानात हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

"तांब्याचा खिळा आहे तो," रोवेना म्हणाली. "आजोबांनी म्यान दुरुस्त केलं तेव्हाचा. टोक आत राहिलंय. बाबांना कितीदा सांगितलं ठोकून घ्या. म्हणायचे, माझं बोट जात नाही तिथे, बंदूक जाते."

"हे म्यान कायम याच रायफलीचं?"

"दुसरं नव्हतंच. घोड्यावरून पडल्यापासून बाबांचा गुडघा वाकायचा नाही. ते चालत शिकारीला जायचेच नाहीत. जन्मभर रायफल खोगिराला."

व्हर्नाने पुन्हा रायफलीची डावी बाजू उजेडात धरली. तिथे एक कोवळा, केसासारखा ओरखडा होता. आत्ताचा. बाकी निळाई गुळगुळीत.

"रोवेना, ही रायफल मधे कधी घराबाहेर गेली होती?"

"वसंतात. बाबांना मोतीबिंदूमुळे फार दिसत नव्हतं. डेलबर्टकाकांनी नेली, स्प्रिंग बदलली, तेलपाणी केलं, मागे नवी पट्टी लावली. म्हणाले, हाताला जरा वेगळी लागेल. पैसेसुद्धा घेतले नाहीत."

"आणि डोळ्यांचं ऑपरेशन?"

"हंगामाच्या तोंडावर झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली आणि बाबा पहिल्यांदा ही घेऊनच बसले पडवीत. दिवसभर. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. मला वाटलं, दिसायला लागल्याचा आनंद असेल."

व्हर्नाने रायफल फडक्यात गुंडाळली. "ही माझ्याकडे राहू दे. डेलबर्टला सांग, चेक घेऊन दुकानात ये. मी पाहिलीय हे मात्र बोलू नकोस."

रोवेना गेल्यावर तिने शेरीफ ऑर्विल नीसला फोन लावला. ऑर्विल तिच्या वर्गातला. शाळेत गणिताला तिचीच वही उतरवून काढायचा.

"ऑर्विल, अ‍ॅन्सल सापडला त्या दिवसाचं सगळं सांग. पहिल्यापासून."

"आता काय उकरतेस? दुपारी घोडा एकटाच घरी आला. म्यान रिकामं. रोवेनाने फोन केला, मी गेलो. तिच्याच पिकअपमधून वर गेलो आणि कुंपणाच्या आतल्या बाजूला तो पडलेला दिसला. रायफल शेजारी."

"डेलबर्ट?"

"तो दिवसभर पलीकडच्या डोंगरात शिकारीला होता. अ‍ॅन्सल त्याला दिसलाच नाही म्हणाला."

"गाडी कोण चालवत होतं?"

"रोवेना."

"मग कुरणाचं फाटक तू उघडलंस."

"मीच उघडणार ना! बाजूला बसतो तो उतरतो. मेलं ते तारेचं फाटक, काठीला खांदा लावून रेटावं लागतं तेव्हा कुठे कडं सुटतं. नवा हातमोजा फाटला माझा."

"म्हणजे लावलेलं होतं?"

"लावलेलंच. पेटिबोनांचं फाटक कधी उघडं पाहिलंयस?"

"आणि दुसरी वाट?"

"नाही. सगळीकडे तार आहे."

"ऑर्विल, गुडघा न वाकणारा माणूस घोडा बाहेर सोडून तार चढेल का? अ‍ॅन्सल घोड्यावरून आत गेला आणि त्याने मागे फाटक लावलं. मग तो आत मेला. घोडा मात्र बाहेर आला, घरी पोचला. फाटक लावलेलंच. घोड्याने खांदा लावून कडं अडकवलं का?"

 मग ऑर्विल हळूच म्हणाला, "मी स्वतः उघडलं गं ते फाटक." त्याच्या आवाजात स्वतःचाच राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

दोन दिवसांनी डेलबर्ट स्टॅगर दुकानात आला तेव्हा रोवेना काउंटरशी उभी होती आणि ऑर्विल काडतुसांच्या कपाटापाशी. डेलबर्टने टोपी काढली.

"अरे वा, शेरीफही? कुणी काय चोरलं?"

"तेच ठरवतोय," ऑर्विल म्हणाला.

डेलबर्टने चेक काउंटरवर ठेवला. "घे पोरी. अ‍ॅन्सलची आठवण माझ्या घरी राहील."

"थांब," व्हर्ना म्हणाली. "या दुकानात भाव मी करते. तू जाणकार आहेस, डेलबर्ट. सांग, या रायफलीचे दोन हजार कसे होतात?"

"मैत्रीचे होतात. तुला काय करायचंय?"

"माझ्या नवऱ्याशीही मैत्री होती तुझी. तेव्हा चाळीस डॉलर पाडलेस."

डेलबर्ट हसला. एकटाच. "बरं, तू किती म्हणतेस?"

"सहाशे. कारण ही पायी फिरणाऱ्या माणसाची रायफल आहे. हातात मधोमध धरून वागवलेली, म्हणून खालीच पांढरी पडलीय. खोगिराची रायफल दोन्ही बाजूंनी झिजते. हिच्या दोन्ही बाजू शाबूत. आणि अ‍ॅन्सलच्या म्यानात हा खिळा आहे." तिने म्यान पुढे सरकवलं. "पन्नास वर्षं या खिळ्यावर घासलेल्या लोखंडात नांगराच्या तासासारखा चर पडेल. हिच्यावर काय आहे? एक केस. ही अ‍ॅन्सलची रायफल नाही, डेलबर्ट."

"लोखंडावर कोरलेला नंबर बघ मग! भुंकतेस कशाला?"

"नंबर कुणी लिहून ठेवलाय इथे? तुला ठाऊक होतं, कुणी ठेवत नाही. वसंतात तू त्याची नेलीस आणि तसलीच दुसरी परत दिलीस. नवी पट्टी लावून, म्हणजे आंधळ्याच्या हाताला फरक लागला तरी कारण तयार. आणि आता ही कुणा जाणकाराच्या नजरेस पडू नये म्हणून दोन हजार."

"मित्राची बंदूक चोरीन मी? सहाशे डॉलरची?"

"त्याची सहाशेची नव्हती," ऑर्विल म्हणाला. त्याने कपाटामागून लांब पेटी काढून उघडली. "आज सकाळी न्यायाधीशांचा हुकूम घेऊन तुझ्या घरी गेलो होतो. तळघरात होती. मऊ फ्लॅनेलमध्ये, तान्ह्या पोरासारखी गुंडाळलेली."

आतली रायफल दोन्ही अंगांनी पांढरी झिजलेली होती. डावीकडे बोट ठेवता येईल असा चर. व्हर्नाने ती म्यानात सरकवली. खिळा चरातून घसरत गेला आणि आवाज झाला नाही.

रोवेनाने तोंडावर हात ठेवला.

"नंबर तीन आकडी आहे," व्हर्ना म्हणाली. "या जातीच्या अगदी पहिल्या खेपेतली. हौशी लोक तिच्यासाठी घर विकतील. अ‍ॅन्सलला ते कधी कळलंच नाही. पण दिसायला लागल्यावर त्याला एवढं मात्र कळलं की मांडीवरची रायफल आपली नाही. तो तुला विचारायला आला. आणि दुसऱ्या कुणाला एक शब्द बोलला नाही, तुझी अब्रू जायला नको म्हणून."

डेलबर्टच्या हातातली टोपी चुरगळली होती. "मी तिथे नव्हतोच."

"होतास. घोडा बुजून फाटकाशी येऊन थांबला. तू निघालास तेव्हा तो तुझ्या बाजूने बाहेर सटकला. आणि मग तू फाटक लावलंस. शहरातला शिकारी असता तर उघडं टाकून पळाला असता. तू रँचवर वाढलास. माणूस मारल्यावरही फाटक लावल्याशिवाय तुला पाऊल उचलवलं नाही."

 डेलबर्ट आपल्या हाताकडे पाहत राहिला.

"आपोआप सुटली," तो शेवटी म्हणाला. "त्याने ती दिली माझ्याकडे. म्हणाला, बघ, ही माझी आहे का सांग. मी फक्त बघत होतो. तेवढ्यात सुटली."

"अ‍ॅन्सल हरीण दिसेपर्यंत नळीत गोळी घालायचा नाही," व्हर्ना म्हणाली. "हे अख्ख्या खोऱ्यातल्या पोरांना पाठ आहे. ही लिव्हरची रायफल आहे, डेलबर्ट. कुणीतरी कडं खाली ओढून वर मारल्याशिवाय गोळी आत जात नाही. त्याने रायफल तुझ्या हातात दिली. पुढचं तू केलंस."

"माझी परत दे आणि विषय संपव, एवढंच म्हणत होता," डेलबर्ट ओरडला. "परत! नेऊन काय करणार होता? पुन्हा त्या खिळ्यावर घासणार! पावसात, चिखलात, पन्नास वर्षं तिची वाट लावली त्या माणसाने. तिची किंमत मला कळत होती. मला एकट्याला!"

"आणि माझ्या बाबांची?" रोवेनाने विचारलं.

डेलबर्टची नजर म्यानातल्या रायफलीवरच होती. 

ऑर्विलने बेड्या काढल्या. "दारूने नाही, बाईने नाही, एका लोखंडाच्या नळीने वाया घालवलं तुला," तो पुटपुटला. "आणि वर त्याच्याच नावाने वर्ग घेत होतास, हरामखोरा."

दारापर्यंत गेल्यावर डेलबर्ट वळला. चाळीस वर्षं ज्या घरी कॉफी प्यायला, तिथल्या पोरीकडे पाहत म्हणाला, "खटला संपला की ती तुला मिळेल. माझं एक ऐक. विकायची तर जाणकाराला विक. ओलाव्यात ठेवू नकोस. आणि त्या म्यानात पुन्हा घालू नकोस."

बापाबद्दल एक शब्द नव्हता. रोवेनाने डोळे पुसले.

"विकणार नाही मी," ती म्हणाली. "पुढच्या हंगामात माझ्या खोगिराला असेल. याच म्यानात. पाऊस असो, बर्फ असो. खिळाही काढणार नाही."

डेलबर्टच्या घशातून एक आवाज आला. अ‍ॅन्सलच्या दफनाच्या वेळी शवपेटी खाली सोडली तेव्हासुद्धा तो असा कण्हला नव्हता.

ऑर्विल त्याला घेऊन गेला. व्हर्नाने काउंटरवरचा चेक उचलला, फाडला आणि थंड झालेली कॉफी तशीच प्यायली. ती कडू होती. रोवेना काचेपाशी गेली. बापाच्या नावाची जाहिरात तिने नखाने एका कोपऱ्यातून उचकटायला सुरुवात केली. डिंक पक्का होता. चाकू दे म्हणून व्हर्नाला तिने सांगितलं नाही, आणि जाहिरात पुरती निघेपर्यंत व्हर्नाने दुकान उघडं ठेवलं.