पाय काढू नकोस

भंगाराच्या यार्डात कुणी प्रेमात पडतं का? मी पडले बाई! तेही एका इंजिनावरून भांडता भांडता.

एप्रिल होता. टोलेडोच्या आभाळातून धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं काहीतरी भुरभुरत होतं. आमच्या यार्डाची रीतच आहे, खडूने ज्याचं नाव आधी, वस्तू त्याची. आठ सिलिंडरच्या त्या जुन्या इंजिनावर मी ठळक ‘व्हेरा’ लिहिलं, उठून उभी राहिले, आणि पाहते तर पलीकडे एक उंचपुरा तरुण हातावरचा खडू झटकतोय. त्याच्या बाजूला लिहिलं होतं – ‘इमेट’.

“मी आधी लिहिलं,” मी म्हटलं.

“मी सावकाश लिहितो. पण सुरुवात मीच आधी केली.”

असं म्हणून हसला मेला! त्याच्या पापणीवर बर्फाचा एक कण विरघळत होता… आणि मी इंजिन सोडून तो कण बघत राहिले.

“गाडी कुठली तुझी?” त्याने विचारलं.

“अडुसष्टची शेव्हेल, निळी. एका शेतकऱ्याच्या कोठारातून ओढून आणलीय. इंजिन कुणीतरी कधीच काढून नेलंय.”

“माझ्याकडे तर गाडीच नाही. मला फक्त हे सुरू झालेलं ऐकायचंय. तुझ्या गाडीत बसवून दिलं तर… चालेल?”

“आणि बदल्यात?”

“कॉफी. पण बरी हवी.”

इमेट टॅली टेनेसीचा. सरोवराकाठी बोटींच्या दुरुस्तीला हंगामापुरता आला होता. ऑक्टोबरात थोरल्या भावाबरोबर टेक्सासला जायचं, तिथे नवी नोकरी ठरलेली… हे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. मीही सहज ‘बरं’ म्हटलं. तेव्हा मला काय ठाऊक!

मग रोज संध्याकाळी तो माझ्या डॉट मावशीच्या गॅरेजात यायचा, शेव्हेल तिथेच उभी होती. दार उघडं टाकलेलं, बाहेर लिंबाच्या रंगाचं ऊन, आणि आत आम्ही दोघं त्या इंजिनावर वाकलेले. पाना देता-घेता त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची… आणि दोघंही एकदम फार मन लावून कामाला लागायचो. एकदा माझ्या गालावर ग्रीस लागलं. ते पुसायला म्हणून त्याने रुमाल काढला, आणि नुसता हातात धरून उभा राहिला.

“पुसतोस की फोटो काढतोस?” मी विचारलं.

“राहू दे. छान दिसतंय.”

खरं तर इंजिन ऑगस्टमध्येच तयार होतं. पण तो रोज एखादा बोल्ट पुन्हा घट्ट करायचा, आणि मी रोज कॉफी करायचे. डॉट मावशी दारातून टोमणा मारायची, “अगं, लोकांची लग्नं होऊन पोरं शाळेत जातात एवढ्या वेळात!” आम्ही दोघं खाली माना घालून हसायचो. बोलायचं मात्र राहूनच जायचं.

आणि मग तो दिवस आला. दुपार होती, मेपलची पानं अंगणभर लाल झाली होती. फाटकाबाहेर त्याच्या भावाचा ट्रक उभा होता.

“ऐक,” इमेट म्हणाला, “झडपा हलवणारा कॅमशाफ्ट नवा आहे. पहिली वीस मिनिटं इंजिनाचा आवाज खाली येऊ द्यायचा नाही. आला तर लोखंड लोखंडाला खातं, आणि सगळी मेहनत पाण्यात. काहीही झालं तरी पेडलवरून पाय काढू नकोस.”

मी चावी फिरवली. काय गर्जना होती ती! खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि बॉनेटपलीकडे इमेट डोळे मिटून ऐकत राहिला. मी पेडल दाबून धरलं.

बाराव्या मिनिटाला बाहेर हॉर्न वाजला. इमेट खिडकीशी आला. “कुठे गळत नाहीये,” तो ओरडला. “आठच मिनिटं उरलीत. जमेल तुला.” माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला… आणि चालू लागला.

मी बघत राहिले. पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर, आणि माझा माणूस अंगण ओलांडून चाललेला. पानं तुडवत, मागे न बघता. सहा महिन्यांची मेहनत माझ्या उजव्या पायाखाली होती. हाक मारली असती तरी त्या आवाजात कुणाला ऐकू गेली असती!

मी पाय काढला.

आवाज धाडकन खाली आला. फाटकापाशी इमेट जागच्या जागी थबकला, वळला, आणि जिवाच्या आकांताने धावत आला. वाकून त्याने इंधन वाढवणारा कार्ब्युरेटरचा दांडा हातानेच ओढून धरला. इंजिन पुन्हा गरजलं, पण आता त्यात टक-टक असा नवा आवाज होता.

“पाय का काढलास? सांगितलं होतं ना तुला!”

मी उतरून त्याच्या कानाशी तोंड नेलं. “तू चालला होतास म्हणून! जाऊ नकोस, इमेट. मला तू हवा आहेस!”

त्याने माझ्याकडे पाहिलं. दांडा मात्र सोडला नाही.

“सहा महिने,” तो ओरडला, “प्रत्येक बोल्टबद्दल विचारलंस. थांबतोस का, हे एकदाही नाही विचारलंस!”

“आणि तू मधेच का निघालास?”

“वीस मिनिटं थांबलो असतो… तर गेलोच नसतो.”

उरलेली मिनिटं आम्ही तसेच उभे राहिलो. त्याचा एक हात दांड्यावर, दुसरा माझ्या हातात. मग त्याने चावी बंद केली. एवढी शांतता झाली की पानं पडताना ऐकू येत होती.

“गेला कॅमशाफ्ट,” तो म्हणाला. “पुन्हा उघडायला लागणार.”

“किती दिवस?”

“खोटं सांगू की खरं?”

“खरं.”

“तीन दिवस.”

“आणि मग?”

“मग चौथ्या दिवशीही मी इथेच असेन, व्हेरा. कॅमशाफ्टसाठी नाही.”

एवढं बोलून तो फाटकाकडे गेला, भावाला दोन शब्द सांगितले, आणि ट्रकमधून आपली बॅग उतरवून घेतली.