वळणावरची अक्षरं

"असं कोणी लिहीत नाही हो."

शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, तरी तिनं मान वर केली नाही. निर्मात्याच्या ऑफिसाबाहेर तासभर ताटकळलेल्या माणसाला फुकटचे सल्ले नको असतात. तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर नदी वाहत होती आणि नदीच्या वळणावरून माहितीपटाचं नाव उमटत होतं, 'पाणी वळतं तिथे'... कोणी आत्ता हातानं लिहीत असावं, तसं.

"कोण म्हणतं?" तिनं विचारलं.

"ज्यानं लिहिलंय तो."

आता मात्र मान वर झाली. पावसानं भिजलेला एक खांदा, बोटांवर शाईचे डाग आणि हसू लपवायची जराही खटपट नाही. अक्षरं तिच्याकडे स्कॅन होऊन आली होती; ती पडद्यावर उमटवणं एवढंच तिचं काम. त्यांच्या मागे एक चालताबोलता माणूस असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तुम्ही आधी वरची रेघ ओढलीत," तो म्हणाला, "आणि मग तिला अक्षरं टांगलीत. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी."

"वळणावर तेच सोपं जातं. रेघ वळली की अक्षरंही वळतात."

"पण मी रेघ शेवटी ओढतो. आधी अक्षरं एकमेकांच्या जवळ येतात... छप्पर मागून."

तिला राग आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. नाव उमटताना काहीतरी खोटं वाटतंय, हे तिलाही चार दिवसांपासून डाचत होतं.

"मग येऊन दाखवा," ती तोऱ्यात म्हणाली.

"येतो."

इतक्या चटकन आलेल्या होकारापुढे तोऱ्याचं काय करायचं, ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खरंच, ती काम करायची त्या स्टुडिओत हजर झाला. तिनं टेबलावर कॅमेरा उलटा टांगला, खाली कागद पसरला आणि त्याला लिहायला बसवलं. तो लिहायचा, ती त्याचा हात टिपायची. मग पडद्यावर त्या अक्षरांवरून ती एक न दिसणारी रेघ फिरवायची. रेघ जिथून जाईल तिथलं अक्षर उघडत जातं, हीच या कामातली सगळी जादू. पण रेघ हाताच्याच चालीनं चालली पाहिजे. जिथे हात रेंगाळला तिथे रेंगाळायचं, जिथे सुटला तिथे सुटायचं.

"इथे का थांबलात?" ती पडद्यावर बोट ठेवून विचारायची.

"श्वास घेतला."

"आणि इथे?"

"इथे... तुम्ही केस मागे घेतलेत."

ती पुढचा प्रश्न विसरायची.

वळणाच्या आतल्या बाजूला अक्षरं दाटीवाटीनं एकमेकांत घुसत होती. ती एकेक सरकवून त्यांच्यात अंतर पाडत बसली.

"राहू द्या की जरा जवळ," तो म्हणाला.

"जवळ आली की वाचता येत नाहीत."

"सगळंच वाचता यायला हवं का?"

स्टुडिओच्या मालकांना सगळे त्यांच्यामागे 'झालंका' म्हणत, कारण त्यांच्या तोंडी दुसरा शब्द नसे. नेमके त्याच क्षणी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "झालं का?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाली.

त्याच दुपारी चहा पिताना त्यानं सहज सांगावं तसं सांगितलं. शनिवारी तो निघणार होता. समुद्रापलीकडे, दोन वर्षांसाठी, एका म्हाताऱ्या कारागिराकडे दगडात अक्षरं कोरायला शिकायला. सहा वर्षं मागे लागल्यावर त्या म्हाताऱ्यानं होकार दिला होता. सांगताना त्याचे डोळे असे चमकले की तिला "वा" म्हणावंच लागलं. चहा मात्र तिच्या हातात तसाच गार झाला.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"आवाजाला काय झालंय गं तुझ्या?"

"काही नाही."

"बरं. हा 'काही नाही' करतो काय?"

"...अक्षरं काढतो. आणि शनिवारी जाणारे."

ताई एरवी कुणाला बोलू देत नसे. त्या दिवशी ती फक्त "सांग" म्हणाली, आणि त्या एका शब्दानंच हिला रडू फुटलं.

काम मंगळवारी संपलं. वळणावरून अक्षरं अशी उमटली की निर्मात्यानं दोनदा पाहून लगेच होकार कळवला. तिनं फाइल पाठवली, खुर्चीत मागे रेलली आणि मग त्याला फोन लावला.

"तो 'ळ' नीट बसत नाहीये. उद्या याल?"

खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. पण अडला हरी म्हणतात ते काही खोटं नाही.

बुधवारी तो आला, गुरुवारीही आला. 'ळ' काही केल्या जमेना. शुक्रवारी तर त्यानं पाठोपाठ इतके वेडेवाकडे 'ळ' काढले की तिलाच काळजी वाटली. तो गेल्यावर ती त्याच्या हाताचं चित्रण पाहत बसायची, पुढे, मागे, पुन्हा पुढे. तो हात कुठे वळणार, कुठे अडखळणार, सगळं तिला पाठ झालं होतं. फक्त तो ऊन असतो की गार, एवढं माहीत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी जीव तुटत होता.

शनिवारी सकाळी तो बॅग घेऊनच आला. खाली गाडी उभी होती. बाहेर पाऊस नुसता भुरभुरत होता.

"शेवटचा 'ळ' काढून जातो," तो म्हणाला.

तिनं कागद पसरला नाही.

"काम मंगळवारीच गेलं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"बुधवारी तुमचे मालक जिन्यात भेटले. म्हणाले, झालं एकदाचं."

"मग... आलात कशाला?"

"तुम्ही म्हणालात, 'ळ' बिघडलाय. मग मी तो खरंच बिघडवायला लागलो. मुरलेला हात मुद्दाम बिघडवणं किती अवघड असतं, माहितेय?"

तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरले. तो एक पाऊल पुढे आला... आणि थांबला.

"तुम्ही 'नका जाऊ' म्हणालात ना, तर मी राहीन," तो हळूच म्हणाला.

"म्हणूनच म्हणत नाही."

सहा वर्षं ज्यासाठी तो झुरला, ते तिच्या एका शब्दावर टांगलेलं होतं. तो शब्द तिनं गिळला.

"पण मला वाट बघायचीय," ती म्हणाली. "तुमची हरकत नसेल तर."

"दोन वर्षं फार असतात."

"पडद्यावर एका सेकंदाची पंचवीस चित्रं असतात. त्यातलं एकेक निरखत माझा दिवस जातो. दोन वर्षांची भीती मला नका घालू."

"भीती मला वाटतेय," तो म्हणाला. मग तुम्ही-अहो सगळं गळून पडलं. "मला तू आवडतेस. हे बोलायला शेवटचा दिवस उजाडावा लागला... वेडा आहे मी."

"आहेसच," ती म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला. ऊन होता. शाईचे डाग तिच्या तळव्याला लागले.

खाली ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजवला. हात आधी कोणी सोडायचा, हे दोघांनाही ठरवता येईना.