कीड बसत नाही

"कीड वाढत नाही म्हणजे मेली असं नसतं, शलाका. तेवढं तपासून घे," सहकारी तस्नीम म्हणाली होती. शलाकाने ते हसण्यावारी नेलं. प्रयोगशाळेने घडवलेल्या ‘निष्कीट’ संत्र्याच्या पानांवर खवले किडीचा एकही खवला नव्हता. आणखी काय तपासायचं?

आता ती संचालकांसमोर उभी होती. संशोधन केंद्राला लागून असलेली, एकट्या राहणाऱ्या काळबांडे काकूंची मोसंबीची बाग खवले किडीने पांढरी पडली होती, आणि ‘कीडस्रोत’ ठरवून ती तोडायचा आदेश निघाला होता.

"सर, स्रोत आपण आहोत."

"आपल्या झाडावर कीड बसत नाही," डॉ. पाटणकर म्हणाले. "जाहिरातीतच आहे."

"बसत नाही, हेच तर. चालते." तिने पाऊलटिपकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. किडीवर चमकती भुकटी टाकून तिची वाट टिपणारं ते यंत्र. "या किडीची मादी लहानपणीच काय ती चालते. मोठी होताना एका जागी सोंड रुतवते, पाय गळतात, अंगावर खवला चढतो. मोसंबीवर हे पटकन होतं. आपल्या वाणात आपण बाल्यरस आणला. त्याने पिल्लू मोठंच होत नाही. मग बसेल कशाला? घोटभर पितं आणि पुढे जातं, बाल्यरस नसलेलं झाड मिळेपर्यंत."

"म्हणजे शेजारी."

"माझी मनवा नुकती चालायला लागलीय. दार उघडं राहिलं की शेजारी सापडते. म्हणून शेजारणीला पकडायचं का?"

"घरची उदाहरणं अहवालात चालत नाहीत, मॅडम."

"बाकी बरंच काही चालतं आपल्याला. वाऱ्यावर आलेलं प्रत्येक पिल्लू काकूंकडे हाकलायचं, आणि वर त्यांनाच दोषी धरायचं."

पाटणकरांनी चष्मा पुसला. "उद्या बाग तुटेल. मग किडीला जायला जागाच उरणार नाही. मिटलं."

हा माणूस कीटकशास्त्र शिकवत होता.

बाग तुटली. काकू बांधावर उभ्या राहिल्या. पडद्यावर निष्कीट बागेतून निघालेले ठिपके रिकाम्या रानात थांबलेच नाहीत. पोटात बाल्यरस होता. साधं झाड मिळेपर्यंत ती पिल्लं मोठी होणार नव्हती, म्हणून थांबणारही नव्हती. ठिपके गावाकडे वळले, परसातल्या लिंबांकडे. मागोमाग तोडणाऱ्यांची गाडी.

शलाकाचं वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तुमच्या गल्लीत एकटी राहणारी कुणी असेल आणि तिच्या परसात लिंबाचं झाड असेल, तर आजच जाऊन बघा. तिच्या दारात कुणी आदेश घेऊन आलंय का, विचारा. आलं असेल, तर तिच्या शेजारी उभे राहा.