बॅटरी कोण पितं?

अप्पांची मोटरसायकल रोज संध्याकाळी चार्जरवर पोटभर जेवायची आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना निम्म्या वाटेत मान टाकायची. हे कसं होतं, हा प्रश्न होता. हे कोण करतं, हा प्रश्न अप्पांच्या मते कधीच सुटला होता.

"तो वरचा," अप्पा छताकडे बोट दाखवून म्हणाले. "वीज पितो तो. आणखी काय पुरावा पाहिजे?"

वरचा म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. तो परग्रहावरून आला होता. त्याचं खरं नाव उच्चारायला दोन जिभा लागत, म्हणून सोसायटीने त्याच्या दारावर 'गिंबे' अशी पाटी ठोकली होती. सांगलीत असे पाहुणे आता नवे राहिले नव्हते, पण त्यांना खोली मिळणं अजूनही अवघडच होतं. गिंबेला मिळाली, कारण चेअरमन आवटीबाईंनी "शाकाहारी का?" एवढंच विचारलं, आणि विजेला मांसाहार म्हणणं त्यांनाही जमेना. तो भिंतीतल्या प्लगला बोट लावून जेवायचा. (हे फक्त त्यानेच करायचं. तुमचं बोट तसलं नाही.)

गिंबे राहायला आला दसऱ्याला आणि गाडी बिघडली ती दसऱ्यानंतर. अप्पांना एवढं पुरेसं होतं. आज संध्याकाळच्या सभेत ते तक्रार मांडणार होते. ठराव झाला की गिंबेला खोली सोडावी लागणार, दुसरी कोणी देणार नाही, म्हणजे थेट परतीचं यान.

त्यांची नात अनू मात्र बेचैन होती. गणित चुकलं तर गिंबेकाका ओरडत नसे, नुसता निळा पडत असे. असा शिकवणारा पृथ्वीवर तिला दुसरा भेटला नव्हता.

"अप्पा, काल रात्री बॅटरी कुठे होती?"

"माझ्या खाटेखाली. हल्ली कोणावर विश्वास ठेवायचा?"

"आणि झोपताना किती व्होल्ट होते?"

"बारा पूर्णांक सात."

अनूने अप्पांचा मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजणारं यंत्र) आणला आणि बॅटरीच्या दोन टोकांना त्याच्या दोन सुया लावल्या. आकडा आला १२.७.

"रात्री कोणी थेंबभरही प्यायलं नाही," अनू म्हणाली.

अप्पांनी आकड्याकडे संशयाने पाहिलं, मग मीटरकडे, मग अनूकडे. "मग दिवसा पीत असेल. चालत्या गाडीतून."

"प्रोफेसरसाहेब," जिन्यावरून गिंबेचा आवाज आला, "बारा व्होल्ट म्हणजे आम्हाला बडीशेप. त्याने कोणाचं पोट भरतं का? हवं तर बोट लावून सांगतो, बिघाड कुठे आहे ते."

"आरोपीने गाडीला हात लावायचा नाही! तिथेच, पायरीवर बसा. दिसेल असे."

गिंबे पायरीवर बसला. अनूने बॅटरी जिन्यापाशी उभ्या गाडीत बसवली. "अप्पा, गाडी चालताना बॅटरी भरते कशी?"

अप्पा संशयी असले तरी फिजिक्सचे निवृत्त प्रोफेसर होते. प्रश्न ऐकला की त्यांच्यातला मास्तर जागा होई, अगदी चोर पकडायचा सोडून.

"बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी समज. इंजिन फिरलं की त्याच्याबरोबर एक चुंबक फिरतो. त्याच्याजवळ स्टेटर असतो (तांब्याच्या तारेची जागेवर स्थिर असलेली वेटोळी). चुंबक फिरला की त्या तारेत वीज तयार होते. हा झाला पंप. पण ही वीज क्षणात पुढे, क्षणात मागे अशी वाहते. टाकीला ती चालत नाही. म्हणून मध्ये रेक्टिफायर (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि रेग्युलेटर (टाकी ओसंडू न देणारा राखणदार). दोघे एकाच डबीत राहतात."

"भाडं कोण देतं?" गिंबेने विचारलं. अप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

गाडी दारासमोर मोकळ्या हवेत आणून अप्पांनी सुरू केली आणि वेग वाढवला. अनूने पुन्हा बॅटरी मोजली.

"भरत असेल तर आकडा चौदाच्या आसपास पाहिजे," अप्पा म्हणाले.

आकडा १२.३ होता आणि हळूहळू उतरत होता.

"म्हणजे टाकीतून कोणी चोरत नाहीये," अनू म्हणाली. "टाकीत पाणीच येत नाहीये!"

अप्पांना हे वाक्य आवडलं नाही, पण त्यात चूकही सापडेना. त्यांनी गाडी बंद करून स्टेटरच्या तीन पिवळ्या तारांचा जोड सोडवला, मीटर उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर लावला, इंजिन परत सुरू केलं आणि दोन-दोन तारांच्या जोड्या मोजल्या. तिन्ही जोड्यांत वीज सारखी होती, आणि वेग वाढवला की वाढत होती. पंप ठणठणीत होता.

"मग डबीच गेली," अप्पा म्हणाले. "किंवा कोणीतरी घालवली." जिन्याकडे एक नजर गेलीच.

"आत आलेली वीज बॅटरीच्या एका टोकाने जाईल," गिंबे तिथूनच म्हणाला, "पण परत कुठून येईल?"

"लोखंडातून. डबीचं अंग गाडीच्या सांगाड्याला चिकटलेलं असतं, तोच परतीचा रस्ता. त्याला अर्थिंग म्हणतात. हे मी तुमच्या आधीपासून शिकवतोय."

इंजिन बंद करून, जोड परत लावून अनूने मीटरची एक सुई डबीच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. रस्ता मोकळा असेल तर मीटर 'पीं' करतो. मीटर गप्प राहिला.

अप्पांनी डबीचे बोल्ट काढले. डबीखाली सांगाडा काळा कुळकुळीत चमकत होता. बोल्टांच्या भोकांतही रंग उतरला होता.

"अप्पा, इथे रंग कोणी लावला?"

दसऱ्याच्या पूजेला गाडी नव्यासारखी दिसावी म्हणून अप्पांनी स्वतः, डबीसुद्धा काढून, ब्रशने दोन हात दिले होते. कोपरासुद्धा सोडला नव्हता.

"रंगातून वीज जात नाही," अनू हळूच म्हणाली.

"माहीत आहे मला," अप्पा म्हणाले. "फिजिक्स शिकवायचो मी."

त्यांनी तेवढी जागा पॉलिश पेपरने घासली. खालचं लोखंड उघडं पडलं. डबी घट्ट बसवली. मीटर म्हणाला 'पीं'. गाडी सुरू करून वेग वाढवला तेव्हा बॅटरीवर आकडा आला १४.१, आणि तिथेच थांबला. पायरीवर गिंबे आनंदाने पिवळा झाला.

संध्याकाळी सभेत अप्पा उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "चोर सापडला आहे. तो तळमजल्यावर राहतो. मीच." मग खाली बसले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं व्याख्यान.

खोली वाचली. गिंबेने सगळ्यांना नमस्कार केला, सहा हातांनी.

पण आवटीबाईंचं समाधान झालं नव्हतं. "ते ठीक. पण हे आल्यापासून लिफ्ट मध्येच अडकते, त्याचं काय?"

सगळ्या माना गिंबेकडे वळल्या. अनूने हात वर केला. "कधीपासून अडकते, आणि कुठल्या मजल्यावर, कोणी बघितलंय का?"

कोणीच बघितलं नव्हतं. पण ठराव मांडायलाही कोणी उठलं नाही. सभा संपली तेव्हा अप्पा, अनू, गिंबे आणि, जरा अंतर ठेवून, आवटीबाईही लिफ्टकडे निघाल्या होत्या.