सात नंबरची खुंटी

रविवारी दुपारची जेवणं उरकून सुलेखा दोन्ही पोरांना घेऊन पडेगावहून निघाली. शाळेनं सांगितलं होतं, जुन्या बंबखान्यातलं संग्रहालय बघा आणि दहा ओळी लिहून आणा. त्या दहा ओळी शेवटी कुणाला लिहाव्या लागणार, हे सुलेखाला पुरतं ठाऊक होतं.

आत चिटपाखरू नव्हतं. रंग उडालेला बंब, पितळी घंटा, आणि सगळ्याला ओल्या राखेचा वास. माहिती सांगायला निवृत्त फायरमन पुंडलिकराव होते, खिशाला अजून त्यांचा जुना पितळी बिल्ला. धाकटा विश्वजीत थेट बंबावर चढला. आठ वर्षांची संस्कृती मात्र एका लाकडी फळीसमोर खिळली. फळीला बारा खुंट्या होत्या आणि सातव्या खुंटीवर एकच पितळी बिल्ला.

"ही फळी बंबासंगं जायची," पुंडलिकराव म्हणाले. "आगीत शिरताना बिल्ला अडकवायचा, भाईर आलं की काढायचा. बिल्ला खुंटीवर म्हंजी माणूस आत. अन् बदलीच्या माणसानं त्याचा बिल्ला अडकवल्याबिगर जागा सोडायची नाय."

"मग हे काका?" संस्कृतीनं सातव्या बिल्ल्याकडं बोट केलं.

म्हातारा घुटमळला. "गोकुळ. जिनिंगची आग होती, रुई पेटलेली... त्याची बदली मी होतो, बाळा. मी नाय गेलो."

विश्वजीतला बंबावरून उतरवण्यात सुलेखाची दोन-चार मिनिटं गेली. मग तिनं संस्कृतीचा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. पोरीच्या वेणीला धुराचा वास येत होता. गळ्यातलं शाळेचं कार्ड नव्हतं.

"कार्ड कुठंय गं?"

"त्या बिल्ल्यावाल्या काकांनी मागितलं. म्हणाले, माझा बिल्ला काढ, तुझं कार्ड लाव, मला घरी जायचंय."

सातव्या खुंटीवर संस्कृतीचं कार्ड लटकत होतं. बिल्ला नव्हता. सुलेखानं कार्ड ओढलं, पण पलीकडून कुणी धरून ठेवल्यागत ते निघेना. मागं पोरगी खोकायला लागली, कोरडं, खोल, थांबेचना.

"पुंडलिकराव, तुमचा बिल्ला लावा!"

त्यांचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला. "माझ्यानं... नाय व्हायचं, ताई." ते भिंतीला टेकले. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

सुलेखा थांबली नाही. चिकलठाण्याच्या कंपनीचं तिचं कार्ड पर्समध्ये होतं. ते तिनं खुंटीला अडकवलं, तसं पोरीचं कार्ड अलगद हातात आलं. खोकला थांबला, पोरीचे तापलेले हात निवले. आईला दुसरं काही नको होतं. पोरीला छातीशी धरून ती ढसाढसा रडली.

बाहेर लख्ख ऊन होतं. पुंडलिकरावांनी मान वर न करता दाराला कुलूप घातलं; आत सातव्या खुंटीवर सुलेखाचं कार्ड तसंच होतं. पायरीवर सुलेखानं संस्कृतीचा हात घट्ट धरला होता, पण पोरीला तो जाणवतच नव्हता.

विश्वजीतजवळ उभी राहून संस्कृती त्या बंद दाराकडं बघून हाका मारत होती.

"आई... ये ना गं लवकर. आम्ही कधीचे उभे आहोत."