भाऊसाहेबांची पंगत

तरंगवाडीतल्या आमच्या घरी एक कोडं दोन महिने कुणालाच सुटत नव्हतं. भाऊसाहेब आजोबांच्या चष्म्याची दांडी चावतात, माझी पेन्सिल चावतात, आईचा दात घासायचा ब्रशही त्यांनी कुरतडून ठेवला. पण गाजराचा तुकडा समोर ठेवला, की विंचू दिसल्यासारखे मागे सरकतात आणि थोड्या वेळाने तो चोचीत धरून लांब भिरकावतात. एका सकाळचा तुकडा तर आईच्या चहात पडला.

भाऊसाहेब म्हणजे आमचा पोपट. करडं अंग, लालभडक शेपूट आणि चेहऱ्यावर कायम ‘तुम्हाला यातलं काही कळत नाही’ असा भाव. चोरट्या व्यापाऱ्याकडून सोडवलेल्या पोपटांपैकी ते एक. पक्षी उपचार केंद्राने त्यांना सांभाळायला आमच्याकडे दिलं. त्यांचा रुबाबच असा, की अरे-तुरे करायची कुणाची छाती झाली नाही.

तरंगवाडी देवगडच्या किनाऱ्यापासून थोडी आत, समुद्रावर तरंगते. इथे माती नाही, पण प्रत्येक घराच्या गच्चीत भाज्यांचे मनोरे आहेत. मुळं पाण्यात, पानं उन्हात. घरात गाजर, भोपळा, मेथी हवी तेवढी, आणि भाऊसाहेबांना मात्र किनाऱ्यावरून बोटीने येणाऱ्या सूर्यफुलाच्या बियाच हव्यात.

हे नखरे आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग त्यांचं नाक वाहू लागलं आणि केंद्राच्या डॉक्टर दळवी आल्या.

“नुसत्या बियांतून यांना जीवनसत्त्व ‘अ’ मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “नाकाच्या आणि घशाच्या आतलं अस्तर निरोगी ठेवायला ते लागतं. गाजर-भोपळ्यातल्या केशरी रंगापासून शरीर ते तयार करतं. मी थेंब देते, पण थेंबांवर जन्म निघत नाही. बिया एकदम बंद करू नका, उपाशी पोपट लवकर खचतो. तीन आठवडे बघू. नाहीच खाल्लं, तर मला त्यांना केंद्रात न्यावं लागेल.”

“किती दिवसांसाठी?” मी विचारलं.

“ते आत्ता नाही सांगता येत, इरा.”

भाऊसाहेब मला कितीही तुच्छ लेखोत, शाळेतून आल्यावर माझ्या खांद्यावर बसून माझे केस विंचरायचं काम तेच करतात.

पहिला आठवडा चिमटाने घेतला. चिमटा हा आमचा स्वयंपाकघरातला यंत्रमानव. त्याचे दोन्ही हात चिमट्यासारखे, म्हणून ते नाव. त्याने गाजर किसलं, वाफवलं, बियांच्या आकाराचं कापलं, बियांत मिसळलं. भाऊसाहेबांनी एकेक बी वेचून खाल्ली आणि गाजर जसंच्या तसं वाटीत ठेवलं.

“माझ्या मोजमापात चूक नाही,” चिमटा म्हणाला. “चूक पक्ष्यात असावी.”

“शहाणाच आहेस,” आजोबा म्हणाले.

आठव्या दिवशी मी वैतागून वही काढली आणि भाऊसाहेबांनी आजवर जे जे चावलं त्याची यादी केली. चष्म्याची दांडी, पेन्सिल, ब्रश, आईचा चमचा. यादी बघता बघता माझं पेन्सिल चघळणं थांबलं. आजोबा विचार करताना चष्म्याची दांडी तोंडात धरतात. पेन्सिल माझ्या तोंडात असते. ब्रश आईच्या, आणि चहा ढवळून ती चाटते तो चमचाही. आम्ही जे तोंडात घालतो, तेच भाऊसाहेब चावतात.

मी लगेच डॉक्टर दळवींना पडद्यावर बोलावलं. यादी ऐकून त्या चक्क टाळ्या वाजवू लागल्या.

“पोपटाला नवभीती (अनोळखी वस्तूची भीती) असते,” त्या म्हणाल्या. “जंगलात एखादं फळ विषारी निघालं तर जीवच जायचा. मग खायचं काय, हे तो ठरवतो कसं? थव्यातले बाकीचे काय खातात ते बघतो. त्याला म्हणतात सामाजिक अध्ययन (दुसऱ्याचं बघून शिकणं). आता सांग, भाऊसाहेबांचा थवा कोणता?”

“आम्ही,” मी म्हणाले.

“आणि थवा जेवतो तेव्हा ते कुठे असतात?”

मी आजोबांकडे बघितलं. आमच्या घरात एक रीत आहे. कुणीही जेवायच्या आधी पहिला घास मुक्या जिवाचा. किनाऱ्यावर होतो तेव्हा तो मान गाईचा आणि कावळ्याचा होता. इथे तो भाऊसाहेबांकडे आला. आजोबा सज्जात त्यांची वाटी ठेवतात, हात जोडतात, त्यांना निवांत जेवता यावं म्हणून दार लोटून घेतात आणि मगच आम्ही आत ताटावर बसतो. भाऊसाहेबांनी आम्हाला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.

“म्हणजे त्यांच्याआधी मी खायचं?” आजोबांचा आवाज बारीक झाला. “माझ्या आईने लावलेली सवय आहे गं. सत्तर वर्षांत मोडली नाही.”

मला वाईट वाटलं, पण भाऊसाहेबांना सोडायला मी तयार नव्हते. आजोबा उठून सज्जात गेले. मग त्यांनी स्वतःच भाऊसाहेबांची काठी उचलली आणि जेवायच्या टेबलाशी आणून लावली.

पहिले दोन दिवस एकटा चिमटा त्यांच्यासमोर गाजर उचलून खाण्याचं नाटक करणार होता, तुलनेसाठी. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर फरक कशामुळे पडला ते कळतं. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

“मला जठर नाही, हे त्यांनी ओळखलं,” चिमटा म्हणाला.

तिसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं बसलो. लाल भोपळ्याच्या फोडी, गाजर, मेथी. मला भोपळा अजिबात आवडत नाही, पण मिटक्या मारत खाल्ला. भाऊसाहेब एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवून आमच्या तोंडांकडे बघत राहिले. पुढच्या दिवशी काठीवरून जरा खाली सरकले. आणखी दोन दिवसांनी एक फोड चोचीत धरली आणि टाकली, पण या वेळी फेकली नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या अठराव्या दिवशी त्यांची वाटी भरलेली होती. तिच्याकडे ढुंकूनही न बघता ते टेबलावर उतरले, तोऱ्यात चालत आजोबांच्या ताटापाशी गेले आणि भोपळ्याची फोड उचलून करकर चावून गिळली. मग दुसरी.

आजोबांनी डोळे पुसले. “मी यांना देवासारखं वेगळं बसवून वाढत होतो,” ते म्हणाले. “यांना पंगतीत बसायचं होतं.”

डॉक्टर ठरल्या दिवशी आल्या. नाक जवळजवळ कोरडं होतं. त्यांनी पिंजरा आणला नव्हता, तरी भाऊसाहेबांना एका दिवसापुरतं केंद्रात पाठवाल का, असं विचारलंच. केंद्रात नव्याने सोडवलेले सात पोपट होते, आणि एकही बियांपलीकडे काही खात नव्हता.

रविवारी भाऊसाहेब माझ्या खांद्यावर बसून बोटीने केंद्रात गेले. डॉक्टरांनी त्यांची काठी मोठ्या जाळीबाहेर लावली, कारण नाक पुरतं बरं होईपर्यंत आत सोडणं योग्य नव्हतं. भाऊसाहेबांनी भोपळ्याची फोड पंजात धरली आणि सावकाश खायला सुरुवात केली. आतले सातही पोपट काठीवर सरकत सरकत जाळीजवळ आले आणि माना वाकड्या करून त्यांच्या चोचीकडे बघू लागले.