राजदूतचे रविवार

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या राजदूतच्या इंजिनाला कान लावून उकिडवा बसला होता. डोळे मिटलेले, ओठांवर हसू… आणि गाडी आमची!

"ओ, काय चाललंय? हात लावू नका गाडीला."

"हात कुठं लावला, ताई? ऐकायलोय फक्त," त्यानं डोळे न उघडताच सांगितलं.

आता बोला! बन्सीधर मिस्त्रींच्या गॅरेजात मी बाबांची गाडी आणायला गेले होते. इंजिन नव्यानं बोअर करून त्यात नवा पिस्टन टाकला होता. ती राजदूत माझ्यापेक्षा वयानं मोठी. तिच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेले, आणि हा कोण कुठला उपटसुंभ तिच्याशी कानगोष्टी करत बसला होता.

मिस्त्री हात पुसत पुढं आले. "अगं, हे आदिनाथ. पूर्णेला रेल्वेत असतेत, सिग्नलच्या कामावर. सरांनी गाडी ह्यांनाच दिलीय की."

"दिली म्हणजे?"

"म्हंजे… विकली. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत नव्हतं. मी तशीच पायी घरी आले, चप्पल दारात भिरकावली आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले. बाबा, म्हणजे गोविंदराव सर, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला आणि गाडी अंगणात उभी राहिली. मी भांडायची तयारी करूनच आले होते, पण ते एवढंच म्हणाले, "उभी गाडी मला बघवत नाही, उत्तरा." मग भांडायचं तरी कुणाशी?

पण मास्तर ते मास्तरच. गाडी विकली तरी अट घातलीच. नवं बोअर केलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या आत चालवायचं. थोडं गेलं की थांबायचं, इंजिन गार होऊ द्यायचं, मग पुढं. आणि ते हजार पूर्ण झाल्याशिवाय गाडी द्यायची नाही. "अर्धा शिजलेला भात पाहुण्याला वाढत नाहीत," बाबा म्हणाले. "तरण्या पोरांचा हात चाळीसवर थांबत नाही. उत्तरा चालवील."

संध्याकाळी अट ऐकवायला बोलावलेला आदिनाथ समोर सतरंजीवर बसला होता. खाली मान घालून म्हणाला, "सर, मग मी मागं बसून जातो. तुमच्यावर भरोसा हाय. ताईंवर न्हाई."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मास्तरांची मुलगी गाडी चालवते. खरंच आहे ते," बाबा म्हणाले आणि विषय मिटला.

आईची काळजी वेगळी होती. पुण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कंप्युटरवाला, त्याला माझा फोटो पसंत, आणि ते लोक संक्रांत झाली की बघायला येणार होते. मी 'बघू' म्हटलं होतं. आमच्या घरात 'बघू' म्हणजे होच धरतात. बनी तो बनी, नहीं तो परभनी असं आमच्या गावाबद्दल सगळी दुनिया म्हणते, आणि माझं तर म्हणे पुण्यात बनणार होतं. गाडी जाणार होती, मीही जाणार होते. त्या हिवाळ्यात मला कशाचाच उत्साह नव्हता.

पहिल्या रविवारी आम्ही पोखर्णीला निघालो. अंगात स्वेटर, गळ्याला मफलर, पुढं मी आणि मागं तो. दोन्ही हातांनी मागचं कॅरिअर घट्ट धरलेलं, आणि आमच्या दोघांच्या मध्ये त्याचा जेवणाचा डबा! गावाबाहेर पडलो तशी पारावरची पोरं ओरडली, "ओ दाजी, मागं बसलाव का?"

"मालक मागंच बसत असतेत!" त्यानं उत्तर ठोकलं. "पुढं डायवर हाय!"

मी असा काही ब्रेक मारला की डबा माझ्या पाठीत आणि मालकाचं नाक माझ्या हेल्मेटवर. दोन गावं जाईपर्यंत मालक गप्प होते.

नरसिंहाचं दर्शन घेतलं. देवळाच्या बुटक्या दारातून वाकून बाहेर आलो आणि इंजिन गार होईपर्यंत बाहेर लिंबाखाली बसलो. मी सरळच विचारलं, "एवढ्या नव्या गाड्या आहेत बाजारात. आमचीच कशाला पाहिजे?"

"आवाजासाठी," तो म्हणाला. "सर आमच्या शाळेवर होते तवा हा आवाज लांबून आला की आमी चिंचेवरून धडाधड उड्या मारायचो. तीन वर्षं ह्या आवाजाला भ्यालो बघा. आता वाटतं, एकदा तरी आपुन चालवावी आन् कुनीतरी चिंचेवरून उडी मारावी."

मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले. त्यानं चोरून पाहिलं आणि लगेच गाडीकडं बघायला लागला.

मग रविवार येत गेले. आज मी तेच रस्ते कारनं तासाभरात कापते आणि काहीच दिसत नाही. चाळीसच्या आत सगळं दिसायचं. बोंडं फुटलेली पांढरी शेतं, तुरीच्या वाळल्या शेंगांचा खुळखुळ, ज्वारीवर टपलेल्या पाखरांना हाकलणाऱ्या बायांच्या आरोळ्या, रस्त्याकडेचं आंबट बोर. इंजिन तापलं की आम्ही थांबायचो, आणि ते कुठं तापेल याचा नेम नसायचा. म्हणून आमचं प्रेक्षणीय स्थळ कधी चारठाण्याचं जुनं देऊळ असे, तर कधी नुसता कालवा. चारठाण्याला त्यानं एका कोरीव खांबाभोवती तीन चकरा मारल्या आणि गंभीरपणे सांगितलं, "काम पक्कं हाय. सिग्नलचा खांब बी असाच पायजे."

येलदरीच्या धरणावर वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. तरी तो बोलतच होता. मी मान डोलावत होते. नंतर विचारलं, "काय म्हणत होतात हो?"

"काय न्हाई… तुमी हो म्हनलाव, बास झालं."

अजूनही सांगत नाही तो, काय म्हणाला होता ते.

आणि तो हुरडा! सेलूच्या अलीकडं एका शेतात आगटी पेटलेली दिसली. आम्ही थांबलो. शेताची मालकीण पंचफुलाबाई, हात राखेत माखलेले, आम्हाला कणसं चोळून देत होती. गुळभेंडी ज्वारी, तिळाची चटणी, वर दही. खाता खाता तिनं त्याला विचारलं, "भैन हाय का रे ही?"

"न्हाई न्हाई न्हाई!" तो एवढ्या घाईनं म्हणाला की हुरडा घशात अडकला.

मी पाणी दिलं. "मग ताई कशाला म्हणता सारखं?"

"मंग… काय म्हनू?"

"नाव आहे मला."

निघताना तो गाडीजवळ गेला, टाकीवरची धूळ रुमालानं पुसली आणि अगदी हळू म्हणाला, "उत्तरा…" गाडीलाच म्हणाला. पण मी ऐकलं. हातातला हेल्मेटचा पट्टा मला कितीतरी वेळ लागेना.

तिथून पुढं डबा आमच्या मध्ये बसेनासा झाला. हँडलला अडकून लोंबायला लागला. इंजिन गार व्हायलाही फार वेळ लागू लागला. "गार झालं का?" मी विचारायची. तो हात लावून म्हणायचा, "न्हाई अजून." एकदा गोदाकाठी, गंगाखेडच्या घाटावर, त्याचं लक्ष नसताना मीच हात लावून पाहिला. थंडगार! जानेवारीतल्या दगडासारखं. मी परत पायरीवर जाऊन बसले आणि म्हटलं, "खरंच हो, अजून गरमच आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नदीकडं पाहिलं. आणि मला एकदम भीती वाटली, कारण हजार संपत आले होते. एका रविवारचा पल्ला उरला होता. मग तो गाडी घेऊन पूर्णेला जाणार, आणि पुण्याचे लोक घरी येणार. शिवाय आम्ही ब्राह्मण, ते मराठा. आमच्या घरात असं काही झालेलं नव्हतं. मला तो आवडत होता. मनातल्या मनातही मी हे त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

परत निघालो, आणि थोडं पुढं गेल्यावर मीटरचा काटा शून्यावर पडलेला दिसला. किलोमीटरचे आकडेही हलेनात. मी गाडी कडेला घेतली, वाकून पुढच्या चाकाशी पाहिलं. मीटरची केबल सुटली होती. तुटली नव्हती… सुटली होती. कुणीतरी नट हातानं सोडवून, केबल आऱ्यांत जाऊ नये म्हणून ती सुतळीनं नीट बांधून ठेवली होती. सिग्नलवाल्याची गाठ!

मी वर पाहिलं. तो आभाळातले बगळे मोजत होता.

"तुटली वाटतं," मी म्हणाले.

"हां… तुटलीच वाटतं."

"आता चाळीस कसं कळणार?"

"आवाजावरून. मी सांगतो की."

आणि मग तो सांगत राहिला. गंगाखेड ते परभणी, कानाशी वाकून. "जरा कमी… हां… आता बरुबर… अशीच राहू द्या." माझ्या मानेवर काटा येत होता आणि तो थंडीचा नव्हता. गावाच्या वेशीबाहेर त्यानं उतरून केबल मुकाट्यानं परत जोडली. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

असे आणखी काही रविवार आम्ही मीटरला न कळवता फिरलो. संक्रांत झाली. पुण्याच्या लोकांचा दिवसही ठरला. मी घरात तोंड उघडलं नाही. रोज ठरवायची आणि रोज पोळी लाटून झोपायची.

आणि आम्ही दोघं शहाणे एक गोष्ट विसरलो होतो. राजदूतला पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागतं, आणि हजार किलोमीटरचं ऑइल बाबांनी स्वतः मापून एका डब्यात आणून ठेवलं होतं. एका रविवारी परत आलो तर बाबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले. पायाशी रिकामा डबा.

"डबा संपून आठवडे झाले, तेव्हापासून ऑइल मीच गुपचूप घालतोय," बाबा म्हणाले. "मीटर मात्र हजाराला पोचायला तयार नाही. इंजिन ऑइल पितं, की तुम्ही दोघं?"

आम्ही वर्गाबाहेर काढल्यासारखे उभे.

"केबल कुणी सोडली?"

"मी," तो म्हणाला.

"मी," मी म्हणाले.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "एका नटाला दोन हात?"

"सर, सोडली मीच," आदिनाथ म्हणाला. "त्यांनी फक्त बघून न बघितल्यावानी केलं."

"गाडीच्या मीटरशी खोटं बोललात ते बोललात. माझ्याशी खरं बोलायला काय झालं होतं?" बाबांचा आवाज चढला नाही, पण दुखावला होता. ते मला जास्त लागलं. "हे बघ आदिनाथ, गाडी झाली आहे तयार. किल्ली घे आणि जा."

किल्ली पुढं केलेली. त्यानं हात पुढं केला… आणि मागं घेतला.

"सर, मला गाडी नको."

"मग काय पाहिजे?"

"रविवार पायजेत," तो म्हणाला. कान लाल झालेले, नजर मातीत. "असेच. सगळे."

मागं दारात आई उभी होती, हातात चहाचा ट्रे. बाबांनी डबा उचलून बाजूला ठेवला आणि अगदी पाढा विचारावा तसं विचारलं, "रविवार ठीक आहे. आणि सोमवार ते शनिवार?"

बिचारा! असला प्रश्न परीक्षेत येईल हे त्याच्या गावीही नव्हतं. तो माझ्याकडं बघायला लागला. मला कळलं, आता मी गप्प राहिले तर जन्मभर गप्पच राहीन.

"तेही," मी म्हणाले. "सगळे वार, बाबा. मला पुण्याला जायचं नाही. त्या मुलात काही खोट नाही, पण मला आदिनाथ आवडतो. मला त्याच्याशी लग्न करायचं आहे."

ट्रेमधले कप वाजले. "अगं, लोकांना काय तोंड दाखवायचं? आपल्यात झालंय का कधी असं?" आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी. मग त्याच्याकडं वळली. "तुझ्या आईला माहीत आहे हे?"

"सांगितलं न्हाई, काकू. पन दर सोमवारी इचारती, काल कुठं गेलता रे म्हनून. मी सांगत बसतो. गेल्या सोमवारी तिनं इचारलं, पोरगी भाकरी खाती का फक्त पोळी?"

आईला हसू आलं नाही, पण तिनं ट्रे खाली ठेवला आणि पहिला कप त्याच्या हातात दिला. तेवढ्यावर आमचं भागलं. बाकीचं, रुसवेफुगवे, नातेवाइकांची तोंडं, तिचं आठ-आठ दिवस न बोलणं, नंतर यथासांग झालंच.

आदिनाथ गेला. गाडी तशीच अंगणात. आई आत जाऊन पुण्याला फोन लावायचं धाडस गोळा करत होती. बाबा खुर्चीत बसून होते, आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर हात फिरवत. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला वाटलं होतं, या हिवाळ्यात घरातून फक्त गाडीच जाईल."

मी त्यांच्या पायाशी बसले.

"बाबा, पुणं लांब होतं," मी म्हणाले. "पूर्णा कुठं लांब आहे? पॅसेंजरनं संध्याकाळचा चहा प्यायला याल तुम्ही."

बाबा हसले. आणि हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.